वस्तऱ्याचं पाणी उतरू देऊ नका

चोपड्याहून एका भाऊंनी विचारलं आहे. पणजोबांच्या पत्र्याच्या पेटीत घडीचा जुना वस्तरा सापडला. पात्याच्या बुडाशी एक चांदणी, एक फुली आणि झिजलेली इंग्रजी अक्षरं आहेत. पात्याच्या मधल्या भागावर काळ्या गंजाचा पट्टा आहे, टोकाकडे आणि बुडाकडे मात्र फारसा गंज नाही. मूठ फिकट पिवळी, हस्तिदंतासारखी रेघांची, एका बाजूनं तडकलेली. धारेत एक बारीक खाच. मित्राच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर आणि बफ, म्हणजे चमक आणायचं कापडी चाक, आहे, तो म्हणतो तासाभरात आरशासारखा करून देतो. शेजारचे काका म्हणतात, मूठ खऱ्या दाताची आहे का ते तापलेली सुई टोचून बघ. हा वस्तरा पुन्हा दाढीला चालेल का, आणि घरी काय काय करता येईल?

चालेल, बहुतेक चालेलच. पण भाऊ, आधी ती सुई खाली ठेवा आणि मित्राला सांगा की ग्राइंडरचा बेत रद्द.

सुई जास्त तातडीची. तुम्ही सांगता तशी मूठ बहुधा सेल्युलॉइडची असते. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून हा माल होतो. १८७० च्या सुमारास अमेरिकेत निघाला आणि हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंग या सगळ्यांची नक्कल त्यात होऊ लागली. जुन्या सिनेमाची रिळं भपकन पेटायची ती याच जातीची. तापलेली सुई त्यात टोचणं म्हणजे हातात फुलबाजी धरण्यासारखं आहे. ओळखायचंच तर मूठ अंगठ्यानं वीस-पंचवीस वेळा जोरात घासा, गरम लागेपर्यंत, आणि लगेच नाकाशी न्या. देवघरातला वास येईल, कापराचा. रेघांवरूनही कळतं. नकली मुठीत त्या वहीच्या पानासारख्या सरळ आणि समांतर धावतात. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते, तशी यंत्रानं साधत नाही. आणि खरा हस्तिदंत निघाला असता तरी आनंद मानण्यासारखं काही नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे.

आता त्या काळ्या पट्ट्याचं. वस्तरा मिटला की पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो, नेमका तिथेच गंज आहे का बघा. असेल, तर दोष ओलाव्याचा नाही, मुठीचा आहे. सेल्युलॉइड म्हातारं झालं की कुजतं आणि आतून नायट्रिक आम्लाच्या वाफा सोडतं. त्या पात्याला खातात. उष्णतेनं हे आणखी वेगात होतं, आणि आपल्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास पत्र्याच्या खोलीत काय तापतं ते जळगाव-भुसावळच्या माणसाला सांगायला नको. बाहेरच पारा ४५ वर असतो. मी एका उन्हाळ्यात चार वस्तरे बिस्किटाच्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवले होते. धूळ नको म्हणून. त्यातल्या एकाची मूठ सेल्युलॉइडची होती. पावसाळ्यात डबा उघडला तर चारही पाती तपकिरी झालेली आणि डब्यातून आंबूस, नाकात चढणारा दर्प. तीन चांगल्या वस्तऱ्यांना चौथ्यानं नासवलं. तेव्हापासून संशयित मूठ मी वेगळी, मोकळ्या हवेत ठेवतो. तडकलेली, चिकट झालेली किंवा आंबूस वास मारणारी असेल तर ती वाचवत बसत नाही, काढून टाकतो. तुमचीही काढावी लागेल. फक्त काढल्यावर तिची बाह्यरेषा पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं उतरवून घ्या, भोकांसकट. आणि तुकडे चुलीत किंवा शेकोटीत टाकू नका.

ग्राइंडरला नाही का म्हणालो ते सांगतो. लोहार विळ्याला पाणी देतो हे तुम्ही पाहिलंच असेल. वस्तऱ्यालाही तसंच पाणी दिलेलं असतं आणि मग बेताची आच देऊन त्याचा ठिसूळपणा कमी केलेला असतो. ती आच साधारण दोनशे अंशांच्या आसपासची. त्याच्या वर पातं गेलं की कडकपणा उतरू लागतो, आणि तीनशेच्या जवळ गेलं की पोलादावर निळा रंग दिसतो. निळा दिसला की त्या जागी धार टिकणार नाही, मग जगातला कुठलाही दगड आणा. तुम्ही म्हणाल, पाण्यात बुडवत बुडवत करू. मीही तेच म्हटलं होतं. मी टूलरूमचा फिटर, पंचवीस वर्षं पोलाद घासण्यातच गेली, मला कोण शिकवणार! भुसावळच्या जुन्या बाजारातून रेल्वेच्या कुण्या साहेबाचा असावा असा एक सुरेख जर्मन वस्तरा आणला होता. सुट्टीच्या दिवशी बफवर धरला. पाण्याची वाटी शेजारीच होती. पण धारेजवळ पातं कागदासारखं पातळ असतं, तिथली उष्णता जायला जागाच नसते; एका श्वासात नखाएवढा जांभळट-निळा डाग उमटला. तो वस्तरा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. कुणी बफचं नाव काढलं की मी तो दाखवतो.

शिवाय बफ चाकाला पातं अडकलं तर ते उडतं. कुठे उडेल ते सांगता येत नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. वस्तऱ्याची पाठ, म्हणजे धारेच्या समोरची जाड कड, ही नुसती पाठ नाही, तो कोनमापक आहे. दगडावर वस्तरा घासताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेल्या असतात. पाठ किती जाड आणि पातं किती रुंद यावरून धारेचा कोन आपोआप ठरतो. हाताला काही ठरवावं लागत नाही. जुन्या वस्तऱ्यांची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, म्हणजे आपल्या सुतार-फिटरांच्या भाषेत सुतात. बहुतेक वस्तरे पाच-सहा सुतांचे असतात. पाच सुतांचं पातं म्हणजे जवळजवळ १६ मिलिमीटर. त्याची पाठ ४.६ मिलिमीटर असेल तर कोन साधारण साडेसोळा अंश येतो, दाढीला उत्तम. आता चमक आणण्याच्या नादात पाठ घासून ४ वर आणा: कोन चौदाच्या थोडाच वर उरतो. अशी नाजूक धार चार दाढ्यांत कुरतडून जाते. वस्तरा दिसतो नवा, वागतो आजाऱ्यासारखा. म्हणून माझा नियम असा की पाठीवर घासायचा पेपर लावायचाच नाही, फार तर कापडानं पुसायची.

तेव्हा काम सुरू करण्याआधी पातं नीट वाचा. चांदणी आणि फुली ही शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सची खूण. आपल्याकडे रॉजर्सच्या चाकू-कात्र्यांना इतका मान होता की नकलाही भरपूर झाल्या. अस्सल नावाच्या स्पेलिंगमध्ये ‘डी’ असतो, तो आहे का ते भिंगातून बघा. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ असतील तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, १८३७ ते १९०१. ‘जी आर’ असेल तर कुठला तरी जॉर्ज. नुसतं शेफील्ड लिहिलं आहे की खाली ‘इंग्लंड’सुद्धा आहे, हेही बघा: अमेरिकेनं १८९० च्या जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर ते सर्रास दिसू लागतं. हे पक्के पुरावे नाहीत, अंदाजाला मदत. मूठ मूळची असेल तर सेल्युलॉइड निघण्याआधीचा वस्तरा हा नाही, एवढं मात्र धरून चाला.

‘कास्ट स्टील’ वाचून घाबरू नका. आपल्याकडे कास्ट म्हटलं की बीड डोळ्यांपुढे येतं, तव्यासारखं. इथे अर्थ वेगळा. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समननं १७४० च्या दशकात मुशीत वितळवून एकजीव पोलाद काढण्याची रीत बसवली, ते हे पोलाद. त्या काळी अभिमानानं छापत. ‘सिल्व्हर स्टील’ लिहिलेलं असेल तर त्यात चांदी शोधू नका, सोनाराकडे तर मुळीच नेऊ नका.

मग तडा तपासा. पातं बुडाला दोन बोटांत सैल धरा आणि नखानं हलकी टिचकी मारा. धड पातं टिंग करून वाजतं आणि आवाज थोडा रेंगाळतो. तडा असेल तर आवाज बसका, फुटक्या माठासारखा. भिंगातून धारेच्या काठानं पाहत जा. केसासारखी रेघ धारेपासून वर चढलेली दिसली तर तिथेच थांबा, तो वस्तरा काचेच्या कपाटात ठेवण्याजोगा. तुमची खाच मात्र चालेल. अर्ध्या मिलिमीटरच्या आतली खाच दगडावर निघते, वेळ लागतो इतकंच. खरी भीती धारेजवळच्या काळ्या ठिपक्यांची. पात्याच्या अंगावर कितीही खड्डे असू द्या, ते म्हातारपणाचे डाग आहेत. पण धारेच्या अगदी काठाशी खड्डा असेल तर घासत घासत धार त्याच्यापर्यंत पोचली की तिथे पुन्हा खाच पडते.

मूठ काढायला खिळ्याचं डोकं घासावं लागतं. बारीक कानस घ्या, सोनार वापरतात ती. खिळा पितळेचा, जाडी अर्धा सूत. डोकं वायसरच्या पातळीवर आलं की लाकडात भोक पाडून त्यावर मूठ ठेवायची आणि दीड मिलिमीटरच्या बोथट खिळ्यानं ठोकून काढायचं. ड्रिल मशीन लावू नका, ते पितळेवरून घसरून पात्याच्या बुडावर ओरखडा काढतं. मुठीच्या शेपटाकडे दोन पट्ट्यांमध्ये पाचरीचा तुकडा असतो, तो पुष्कळदा शिशाचा असतो. त्यावर कोरडा पेपर मारून धूळ उडवू नका, आणि हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.

आता पातं सुटं झालं. साफसफाईआधी एक काम नवशिक्याला जिवावर येतं: धार मारून टाका. काचेच्या पेल्याच्या काठावरून धार उभी धरून दोन-तीनदा अलगद ओढा, दाब न देता. आधीच बोथट आहे असं वाटतं, पण जुना बोथट वस्तरासुद्धा बोट सहज कापतो, आणि पुढचे तीन दिवस ते पातं तुमच्या हातात राहणार आहे.

पहिली पायरी कापड. शिलाई मशीनचं तेल पात्यावर लावून रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या सुती धोतराच्या तुकड्यानं पुसा. तांबडा गंज बराचसा यातच निघतो. मग धातूच्या पॉलिशची पेस्ट. एवढ्यानं भागलं तर इथेच थांबा. पात्यावर सोनेरी मुलाम्याची अक्षरं किंवा नक्षी असेल तर तिथे पॉलिशसुद्धा नको. तो मुलामा इतका पातळ असतो की अंगठ्यानं घासूनही जातो. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांत बुडवायचा सल्ला तुम्हाला घरोघर मिळेल. तांब्याच्या घागरीला चिंच ठीक. पोलादाला आम्ल गंजाबरोबर खातं, पातं राखाडी आणि मेलेलं दिसतं, कोरलेली अक्षरं फिकी पडतात.

पेस्टनं न हटणाऱ्या गंजासाठी वॉटर पेपर, पाण्यात बुडवून. आधी १००० नंबर (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत). त्यानं हलत नसेल तरच ६०० आणि अगदीच नाइलाज झाला तर ४००. त्याच्या खाली जायचं नाही. बहुतेक जण उलटं करतात, ‘लवकर व्हावं’ म्हणून २२० पासून सुरू करतात आणि मग त्याचे चरे काढण्यात आठवडा घालवतात. पातं सागाच्या फळीवर सपाट टेकवा, धार तुमच्यापासून लांब, पाठ तुमच्याकडे. पेपर बाटलीच्या बुचाला गुंडाळा, किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून त्यावर. पात्याच्या पोटाला जो खोलगट वाक असतो त्यात रबर नीट बसतं. पाठीकडून धारेकडे सरकायचं आणि धारेच्या पुढे गेलं की उचलायचं. परत येताना पेपर टेकलेला नको. पाणी आधी काळं, मग तपकिरी, मग करडं होत जातं. करडं झालं म्हणजे गंज संपला आणि आता तुम्ही पोलाद घासत आहात. हा क्षण ओळखता आला पाहिजे. त्यानंतर १५००, २०००, आणि पुन्हा कापड. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके उरतील. राहू द्या. ते काढायचे तर सगळं पातं त्यांच्या खोलीइतकं खाली आणावं लागेल, आणि निळसर-करडा जुना रंग काही गंज नाही, तो उलट पात्याला जपतो.

मुठीसाठी आपल्याकडे सोन्यासारखं लाकूड आहे: अंजन. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जुन्या घरांचे मोडके खांब, औतांचे तुकडे मिळतात. इतकं जड की पाण्यात बुडतं, रंग तांबूस काळपट, आणि वस्तऱ्याला हवी तशी तीन मिलिमीटरची पट्टी वाकत नाही. करवतीची मात्र परीक्षा पाहतं. नाहीतर शिसम घ्या. दोन पट्ट्या दुहेरी टेपनं एकमेकींना चिकटवून एकत्रच कापा आणि भोकंही एकत्रच पाडा, म्हणजे दोन्ही जुळतात. पुठ्ठ्यावरची रेषा इथे कामाला येते. लाकडाला जवसाचं तेल तीन-चार हात, मध्ये एकेक दिवस सोडून. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना ती आपोआप तापते आणि पेटूही शकते, पसरून वाळवा.

पितळी तार आणि चिमुकले वायसर सराफ बाजाराच्या आसपास, सोनारांची हत्यारं विकणाऱ्यांकडे सापडतात. जळगावला सोनं घ्यायला लोक कुठून कुठून येतात. मी अर्ध्या सुताची तार घ्यायला जातो आणि दुकानदार दर वेळी माझ्याकडे दयेनं बघतो. हातोडी त्यांचीच घ्या, हलकी, गोल डोक्याची. वायसरच्या वर पाऊण मिलिमीटर तार ठेवून कापा आणि ठोकायला लागा. ठोकायला म्हणजे टिकटिक करायला. घाव नाही. गोल फिरत, एका बाजूला तीस-चाळीस टिचक्या, मग उलटवून दुसऱ्या बाजूला. तार आपोआप छत्रीसारखी पसरते. एक जोरदार घाव बसला की लाकूड उभं चिरतं, आणि हे शेवटच्या खिळ्यावरच होतं, असा माझा अनुभव. मिटताना पातं दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध उतरलं पाहिजे आणि अर्धं उघडून धरलं तर स्वतःच्या वजनानं पडता कामा नये.

इथवर जे झालं ते दिसण्याचं काम. धार ही वेगळी विद्या.

माझे आबा अमळनेरचे, वारीक, म्हणजे न्हावी. धोकटीत दोन वस्तरे, नखं काढायची नराणी, कैची, एक दगड आणि चामोटी, म्हणजे धार लावायचा चामड्याचा पट्टा. दगडावर पाणी घेऊन ते वस्तरा फिरवत तेव्हा आवाज इतका बारीक यायचा की शेजारी बसल्याशिवाय ऐकू येत नसे. मी लहानपणी करायला घेतला की खरखर यायची. “धार काय पयी जाई ऱ्हायनी का रे?”, धार काय पळून चालली आहे का, असं म्हणून ते हात धरत. घाईवर बोलत आहेत असं मला वाटायचं. खरं म्हणजे ते दाबावर बोलत होते, हे मला चाळिशीत कळलं. दगडावर वस्तऱ्याला त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार लागतच नाही, फक्त पहिल्या पायरीला थोडासा. एक मात्र सांगतो, आबांचा दगड पुढे माझ्याकडे आला तो मधोमध ताटलीसारखा खोल होता. तीन रविवार घालवून मी तो सपाट केला. जुनं ते सगळंच सोनं नसतं.

दगड सपाट आहे का ते असं बघतात: त्यावर पेन्सिलीनं चौकटी काढा, जाड काचेवर वॉटर पेपर ओला करून चिकटवा आणि दगड त्यावर घासा. सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या तर सपाट. पहिल्या पायरीला १००० नंबरचा जपानी पाण्याचा दगड लागतो, किंग किंवा नानिवाचा कुठलाही चालेल. पुढे ४००० किंवा ५०००, मग ८०००, शेवटी १२०००. एवढे दगड महाग पडतात. एकाच वस्तऱ्यासाठी सगळे घेऊ नका. १००० चा एक दगड घ्या आणि पुढचं काम लॅपिंग फिल्मवर, म्हणजे घासायच्या बारीक कणांचा थर दिलेल्या प्लास्टिकच्या पातळ कागदावर, करा: ९, ५, ३ आणि १ मायक्रॉन. काचवाल्याकडून दहा मिलिमीटर जाडीचा, कडा घासलेला काचेचा तुकडा आणा, त्यावर पाणी शिंपडून फिल्म पसरली की ती स्वतःच चिकटते.

पाठीला इन्सुलेशन टेपचा एक थर लावा, म्हणजे ती घासली जाणार नाही. मग धारेच्या दोन्ही बाजूंना काळा मार्कर ओढा. वस्तरा दगडावर सपाट ठेवा, धार पुढे, आणि एकदाच पुढे न्या. उचलून उजेडात बघा. शाई कुठे गेली, कुठे उरली? पात्याच्या टोकाशी शाई तशीच असेल तर टोक टेकतच नाही. अशा वेळी सरळ ढकलू नका. पुढे जाताना पातं बुडाकडून टोकाकडे तिरकं सरकवत न्या. परत येताना पातं पाठीवरून उलटवायचं, धारेवरून कधीच नाही. शाई टोकापासून बुडापर्यंत सलग, धारेच्या अगदी काठापर्यंत निघाली पाहिजे. काठाशी केसाएवढी काळी रेघ उरली असेल तर अजून धार तयारच झालेली नाही, मग ८००० वर घासून उपयोग नाही. तुमच्या खाचेसकट या पायरीला दोन तास लागले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या दहांतले आठ जण इथेच घसरलेले असतात: तळ कच्चा ठेवून कळसाचा दगड विकत घेतात.

तळ झाला की मनगटाशेजारचे केस कातडीला न ओढता उडू लागतात. पुढच्या फिल्मवर प्रत्येकी तीसेक फेऱ्या, हात हलका करत करत. पाण्याकडे लक्ष ठेवा. धार बरोबर बसलेली असेल तर पुढे जाताना पाण्याची पातळ लाट धारेखाली न शिरता पात्यावर चढते, अख्ख्या लांबीत सारखी. कुठे पाणी पुढे ढकललं जात असेल तर ती जागा अजून बोथट आहे. सोनाराचं भिंग असेल तर धार सरळ डोळ्यांकडे करून दिव्याखाली धरा. चांगली धार दिसतच नाही, पांढरी चमक दिसली तर तिथे ती गोल आहे.

शेवटी पट्टा. तीन इंच रुंद, हातभर लांब, गुळगुळीत चामडं. रेक्झिन नको. पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे, दगडाच्या बरोबर उलट. सवयीनं धार पुढे गेली तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. आधी जाड सुती कापडावर वीस-पंचवीस, मग चामड्यावर पन्नास फेऱ्या. पट्टा ताठ ओढलेला हवा, झोळी झाली की धार गोल होते. पट्टा येईपर्यंत वर्तमानपत्राची घडी काचेवर ठेवून त्यावर परजा, शाईतला काजळ हलकं पॉलिश करतो. डोक्याचा धुतलेला एक केस धरून धारेला टेकवा. न ढकलता तुटला तर झालं.

हा वस्तरा तुमचा एकट्याचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मित्राला, भावाला हौसेनं करू देऊ नका. कावीळ ब आणि क, एचआयव्ही हे रक्तातून जातात, आणि लाकडी मुठीचा वस्तरा उकळून निर्जंतुक करता येत नाही. सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले ते याच कारणानं. पहिल्यांदा वापरण्यापूर्वी पातं स्पिरिटनं पुसा. दाढी झाली की पुसून, कोरडं करून, तासभर उघडंच ठेवा आणि मग मिटा; पावसाळ्यात मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटानं फिरवा. शेंगदाण्याचं किंवा जवसाचं तेल पात्याला लावू नका, ते चिकट होऊन बसतं. कपाट भिंतीला लागून ओलं असेल तर तिथे नको, आणि पत्र्याच्या पेटीत तर परत ठेवूच नका.

पहिली दाढी आंघोळीनंतर, भरपूर फेसात. पातं गालाशी साधारण तीस अंशांवर, दुसऱ्या हातानं कातडी ताणून, केसांच्या दिशेनं. फक्त दोन गाल. हनुवटी आणि ओठाच्या वरचा भाग पहिला महिनाभर नेहमीच्या रेझरनं करा. लग्नसराईत सकाळची गाडी गाठायची असेल तर मी अजूनही सगळीच दाढी त्याच्यानं उरकतो.